सावकाश घे की बे!

इलेक्ट्रिक युनिसायकल शिकताना सोलापुरात मला ज्यानं पाहिलं त्यानं एकच सल्ला दिला : "सावकाश घे की बे!" कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमननं दिला, समोरच्या चहाच्या गाड्यावाल्यानं दिला, आमच्या खात्यातल्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं, दिला. दूध घालायला निघालेल्या एका आजोबांनी तर सायकल स्टँडला लावून, जवळ येऊन दिला. सल्ला खोटा नाही, त्याची वेळ चुकते. शिकताना सावकाश गेलं की माणूस पडतो, आणि शिकून झाल्यावर सावकाश गेलं नाही तर पडतो. या दोन्हींच्या मधल्या काळात काय काय होतं, ते लिहितोय.

आधी हे यंत्र काय ते सांगतो, कारण आमच्या भागात तरी कुणी पाहिलेलं नव्हतं. दोन पायांच्या मधोमध एक जाड चाक, त्यावर प्लास्टिकची बॉडी, आणि दोन्ही बाजूंना पाऊल ठेवायला घडी होणाऱ्या पट्ट्या. त्यांना पेडल म्हणतात, पण मारायचं काही नसतं. सीट नाही, हँडल नाही, ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही. बॅटरी आणि बोर्ड बॉडीत, मोटर थेट चाकाच्या आत. पुढं झुकलं की पुढं जातं, मागं रेललं की हळू होत थांबतं. अमेरिकेत शेन चेन नावाच्या संशोधकानं २०११ मध्ये 'सोलोव्हील' या नावानं असं चाक बाजारात आणलं. पुढं हा धंदा जवळजवळ सगळा चिनी कंपन्यांकडं गेला, आणि आज ताशी ७० किलोमीटरच्या वर पळणारी अवजड चाकंही मिळतात. माझं त्या मानानं गरीब आहे : इनमोशन कंपनीचं व्ही-८, १६ इंची चाक, ८०० वॅटची मोटर, वजन १४ किलोच्या आसपास, वेग जास्तीत जास्त ३०.

पुण्यात एकाकडून जुनं घेतलं आणि संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी आणलं. समोरच्या सीटवरच्या काकांनी दौंडपर्यंत कळ काढली, मग विचारलं, "सबमर्सिबल आहे का हो?"

"नाही, गाडी आहे."

"कसली?"

"एका चाकाची. उभं राहून चालवायची."

काका गप्प झाले. कुर्डुवाडीला उतरताना मागं वळून म्हणाले, "दुसरं चाक नंतर बसवायचं असतं का?"

घरी आईनं विचारलं किती पडले, बायकोनं विचारलं कुणी मागितली होती. दोन्ही प्रश्नांना मी चार्जर शोधण्यात गुंतलो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दिवसभर मोटर, सेन्सर आणि बोर्ड यांच्याशीच गाठ. त्यामुळे पाय ठेवायच्या आधी हे उभं कसं राहतं ते समजून घेतलं, आणि ते समजायला मला आपल्या गावाबाहेर जावं लागलं नाही. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना जातात. त्याचा सराव आधी कितीतरी दिवस संध्याकाळी चालतो. तो बघताना पेलणाऱ्याच्या हाताकडं न बघता पायांकडं बघा. एवढी उंच, जड काठी तो नुसत्या ताकदीनं धरून ठेवत नाही. काठीचा शेंडा पुढं कलला की तो पुढं सरकतो, मागं कलला की मागं येतो. शेंडा जिकडं जाईल तिकडं बूड न्यायचं, म्हणजे काठी उभी राहते. युनिसायकलची मोटर हेच करते, फक्त काठीच्या जागी तुम्ही असता. आतले जायरोस्कोप आणि ॲक्सिलरोमीटर तुमचा कल मोजत राहतात. तुम्ही पुढं कललात की बोर्ड मोटरला पुढं पळवतो आणि चाक तुमच्या खाली आणतो. तुम्ही कललेलेच राहिलात तर चाक पळतच राहतं. त्यालाच आपण 'गाडी चालली' म्हणतो.

पण हे फक्त पुढं आणि मागं. डावी-उजवीकडची जबाबदारी यंत्र घेत नाही. ती तुमची, आणि ती सायकलवर असते त्याच नियमानं चालते. चाक फिरतं असेल तर ज्या बाजूला कलेल तिकडं वळतं, आणि वळून परत तुमच्या खाली येतं. चाक जवळपास थांबलेलं असेल तर वळायला काही उरतच नाही, ते नुसतं आडवं होतं. "सावकाश घे" हा सल्ला शिकणाऱ्याला का घातक आहे, ते सगळं या दोन ओळींत आहे. मला हे कागदावर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पायांना ते कळायला बराच वेळ गेला.

शेठनी सुट्टीच्या दिवशी गोडाऊनसमोरचं काँक्रीटचं आवार वापरायला दिलं. अट एकच : शटरला धडकायचं नाही. सोबतीला भाचा. तो अकरावीत आहे, त्यामुळे रिकामाच असतो असं मी म्हणतो, त्याची आई तसं म्हणत नाही.

सुरुवातीला दोन्ही पाय पट्ट्यांवर ठेवून गोडाऊनच्या कठड्याला धरून उभा राहिलो. यातून तोल येत नाही, हे मी ठामपणे सांगतो. हात कठड्यावर असेपर्यंत अंग त्या हातावर भार टाकून मोकळं होतं, आणि कठडा संपला की परत पहिल्यापासून. पण एक गोष्ट कठड्याला धरूनच शिकावी लागते, ती म्हणजे विश्वास. पुढं हलकेच झुकायचं, चाक निघतं. मागं रेलायचं, चाक थांबतं, आणखी रेललं की उलटं येतं. पोटातून पुढं वाकायचं नाही. गुडघे किंचित मोडून, सगळं अंग घोट्यापासून एकसाथ न्यायचं. ब्रेकची लिव्हर नसलेल्या गाडीवर 'आपण थांबू शकतो' हे अंगाला पटल्याशिवाय ते पुढं जायला तयार होत नाही. माझं अंग या बाबतीत सरकारी खात्यासारखं निघालं. प्रत्येक वेळी नव्यानं पुरावा मागायचं.

त्यानंतर एका पायाचा प्रकार. उजवा पाय पट्टीवर, डावा जमिनीवर, आणि डाव्या पायानं ढकलत आवारात गोल गोल फिरायचं. दिसायला पोरखेळ, पण खरं शिक्षण इथं होतं. कारण एकाच पट्टीवर भार आला की चाक त्याच पायाकडं कलतं आणि त्याची बॉडी नडगीच्या आतल्या अंगाला, घोट्याच्या वीतभर वर, येऊन दाबते. हा दाब टाळायचा नसतो. त्याच दाबावर चाक धरून ठेवायचं असतं. पाय बाहेर ओढला की चाक मोकळं सुटतं आणि आडवं पडतं. पडलं की क्षणभर गरगरतं, शिट्टी मारतं आणि मोटर बंद होते. उचलताना दांड्याखालचं बटण दाबून उचलायचं, नाहीतर चाकाला वाटतं आपण अजून कुणाला तरी सावरतोय आणि ते हवेतच सुसाट सुटतं. वॉचमन हे बघून दोन पावलं मागं सरला आणि त्या दिवसापासून त्यानं खुर्ची गेटच्या पलीकडं मांडली.

नडगीवरचा तो एक रुपयाएवढा भाग आधी लाल झाला, मग जांभळा, मग कडेनं हिरवट. रात्री पांघरूण लागलं तरी जाग यायची. व्हिडिओतली मंडळी फोमचे पॅड लावतात. आमच्याकडं त्याहून बरा माल होता. टॉवेलच्या कारखान्यात सेकंड मालाची कमतरता नसते : कुठं फंदा सुटलेला, कुठं किनार तिरकी गेलेली, कुठं रंगाचा डाग. त्यातला एक जाड, पाचशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला पाचशे ग्रॅम वजनाचा) नॅपकिन घेतला, उभी घडी घालून नडगीला दोन वेढे दिले आणि वरून भाच्याचे फुटबॉलचे लांब मोजे चढवले. टेरीचे फंदे दाब पसरवून घेतात आणि घामही पितात. बाजारातला पॅड घाम पीत नाही. सोलापूरच्या उन्हात हा फरक मोठा आहे.

बायकोचं म्हणणं पडलं की पायाला टॉवेल तर चाकाला चादर गुंडाळा, बिचाऱ्याला किती ओरखडे. कल्पना प्रेमाची होती, पण नाकारावी लागली. चादरीची कड किंवा दशी फिरत्या चाकात गेली तर चाक जागीच अडकणार आणि स्वार पुढं जाणार. शेवटी बॉडीच्या कोपऱ्यांवर टॉवेलचे लहान तुकडे टेपनं घट्ट चिकटवले, चाकापासून चांगले चार बोटं दूर. दिसायला ते इस्पितळातून सोडलेल्या पेशंटसारखं दिसायला लागलं, ही गोष्ट वेगळी.

बाकी सरंजाम असा : मोटरसायकलचं हेल्मेट, गुडघ्याला कॅप, आणि मनगटाला गार्ड. यातलं एकच परवडणार असेल तर हेल्मेट घ्या, दोन परवडणार असतील तर दुसरं मनगटाचं गार्ड. या चाकावरून माणूस बहुतेक वेळा पुढं पडतो आणि पडताना तळहात आधी टेकतात. दांड्याला पॅकिंग खात्यातली नवारीची पट्टी बांधली होती. आपण उतरलो तरी चाक सुटून शटरवर जाऊ नये म्हणून पट्टीचं टोक हातात सैल धरायचं. हाताला गुंडाळायचं नाही, ओढ बसते.

मग आला तो टप्पा, ज्यात सगळं सोलापूर माझं गुरू झालं.

डाव्या पायानं ढकलायचं, तो वर घ्यायचा, पट्टीवर ठेवायचा आणि जायचं. कागदावर इतकंच आहे. मी ढकलायचो, पाय वर घ्यायचो, आणि त्याच क्षणी घाबरून मागं रेलायचो. चाक हळू व्हायचं, डावीकडं-उजवीकडं नागमोडी हलायचं, मी हात पंख्यासारखे फिरवायचो आणि उतरायचो. कधी पायांवर, कधी नाही. गेटबाहेर चहाचा गाडा आहे, तिथं सुट्टीच्या दिवशीही चार माणसं असतातच. त्यांनी ग्लास हातात घेऊन आत बघायला सुरुवात केली.

"काय करलालास बे?"

"शिकतोय."

"पडलालास की सारखा."

"हो, तेच शिकतोय."

"सावकाश घे की बे, कशाला घाई करलालास!"

आणि मी आणखी सावकाश घ्यायचो, आणि आणखी लवकर पडायचो. जॉबरचं मत होतं की खाली चाकाकडं नीट बघत गेलं तर कळेल ते कुठं चाललंय. चहावाल्याचं मत होतं की अंग ताठ ठेवायला पाहिजे, पोलीस परेडला ठेवतात तसं. आजोबांनी सांगितलं की दोन्ही हात कमरेवर ठेव. हे तिन्ही सल्ले मी मनापासून करून बघितले. चाकाकडं बघितलं की मान खाली जाते, मानेमागून खांदे येतात, आणि चाक नजर असते तिथंच, म्हणजे स्वतःच्याच पायाशी, घोटाळत राहतं. ताठ राहिलं की जमिनीचा प्रत्येक खडा थेट डोक्यात वाजतो. हात कमरेवर ठेवले तर तोल सावरायला हातच उरत नाहीत.

भाचा इतका वेळ मोबाइलवर माझं शूटिंग करत होता. ते परत परत बघून तो म्हणाला, "मामा, तू निघतोस तेव्हाच थांबायचं बघतोस. तुझा डावा पाय टेकायच्या आधीच तुझी पाठ मागं जाती." त्यानं आवाराच्या त्या टोकाला डाईचं एक निळं रिकामं पिंप नेऊन ठेवलं. "चाकाकडं बघू नको. पिंपाकडं बघ, आणि पिंपापर्यंत थांबायचं नाही असं ठरव. पडायचंच असेल तर पिंपाजवळ पड."

पाय वर घेतला तेव्हा नेहमीप्रमाणं चाक थरथरलं. मी पिंपावरचं फिकट झालेलं अक्षर वाचायचा प्रयत्न करत होतो, म्हणून मागं रेलायचं राहून गेलं. वेग ताशी आठ-दहाच्या आसपास गेला असेल आणि खालची थरथर एकदम बंद झाली. कुणीतरी चाक धरून सरळ केल्यासारखं वाटलं, पण धरलं कुणीच नव्हतं. पिंप जवळ आलं, आणि मग लक्षात आलं की वळायचं कसं ते अजून शिकायचंय. मागं रेललो, थांबलो, डाव्या पायावर उतरलो. गाड्यावरून कुणीतरी ओरडलं, "आता जमलं की बे! सावकाश गेला म्हणून जमलं!"

मी वाद घातला नाही.

त्यानंतरचे दिवस तळपायांचे. नवशिका माणूस पायाच्या बोटांनी बुटाच्या आतून पट्टी पकडू बघतो, कळत नसतं पण पकडतो. पाच मिनिटांत तळव्याच्या कमानीत कळ, दहा मिनिटांत मुंग्या. पातळ, मऊ तळव्याचे रनिंग शूज या कामाला अगदी निकामी. सपाट, कडक सोलचे साधे कॅनव्हास बूट बरे. उतरून चार पावलं चालायचं आणि परत चढायचं, याला दुसरा उपाय नाही. हळूहळू बोटं सुटतात. सुटतात तसे गुडघेही मोकळे होतात, आणि मग स्पीडब्रेकरवरून जाताना दात वाजत नाहीत.

वळणं डावीकडं आधी जमली. उजवीकडं मी वळायचो ते चौकोनात. सगळ्यांनाच एक बाजू आधी येते म्हणतात, का ते तुमचा जोराचा पाय कुठला यावर असावं. रीत अशी की आधी नजर, मग खांदे, मग कंबर. चाक सगळ्यात शेवटी आपोआप येतं. थोडा वेग असला तर आतल्या बाजूच्या पट्टीवर किंचित भार दिला तरी पुरतं. नजरेचा हा नियम दोन्हीकडून लागू होतो. खड्डा चुकवायचा म्हणून त्याच्याकडं टक लावून बघितलं, की माणूस सरळ त्याच खड्ड्यात जातो. आमच्या रस्त्यांवर या नियमाचा सराव करायला मुबलक वाव आहे.

सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतले आतले रस्ते ओस पडलेले असतात. यंत्रमागांचा खडखडाटही बंद, त्यामुळे चाकाची बारीक गुणगुण ऐकू येते. तिथं अडचण एकच, कुत्री. मोटरसायकलमागं धावायची त्यांना सवय असते. आवाज न करता, हँडल न धरता, उभ्या-उभ्याच सरकत येणारा माणूस बघून त्यांची श्रद्धाच ढळते. पळवून नेण्यात अर्थ नाही. मी उतरतो, चाक हातात धरून चालायला लागतो. माणूस चालतोय म्हटल्यावर त्यांचा रस संपतो.

यात्रेच्या दिवसांत सगळंच बंद होतं. घरी पाहुणे, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, पोरांना पाळण्यात बसवायचं, अक्षता सोहळ्याला जायचं. चाक कपाटाच्या वर. मला वाटलं होतं परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. पण यात्रा संपल्यावर उभा राहिलो तर उजवीकडची वळणं, जी आधी चौकोनी होती, ती गोल येत होती. मधे सराव काहीच नव्हता. जॉबर म्हणाला सिद्धरामेश्वराची कृपा. मी नाही म्हणालो नाही. इतकंच सांगितलं की नवं काम अंगात मुरायला विश्रांती लागते, नवी पोरं मागावर गाठ मारायला शिकतात तेव्हाही हेच होतं. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी गाठ सफाईनं बसते.

चढणं सगळ्यात शेवटी आलं. म्हणजे कठडा, खांब, भाचा, काहीही न धरता. खरी मेख दुसऱ्या पायात आहे. आपण समजतो की दुसरा पाय पट्टीवर ठेवला की भार द्यायचा. उलट आहे. भार आधीच पहिल्या पायावर पूर्ण गेलेला असतो, चाक थोडं निघालेलं असतं, आणि दुसरा पाय नंतर निवांत मागून येतो. तो पट्टीवर वेडावाकडा पडला तरी चालतं. खाली बघून तो नीट करायला गेलं की संपलं. दहा-वीस फूट जाऊ द्यायचं, मग टाच उचलून बारीक बारीक सरकवत जागेवर आणायचा. बॉडीला पोटऱ्यांनी आवळून धरायचा मोह होतो. आवळलं की चाक तुमच्या प्रत्येक थरथरीचं ऐकतं.

आता दुसऱ्या 'सावकाश'बद्दल. हा कुणीच सांगितला नाही, कारण तोवर मी बऱ्यापैकी चालवायला लागलो होतो आणि चहाच्या गाड्यावरची मंडळी सल्ला द्यायचं सोडून "किती देते?" आणि "केवढ्याला घेतली?" एवढंच विचारायला लागली होती. माझ्यासारख्या ८२ किलोच्या माणसाला एका चार्जवर तीसेक किलोमीटर देते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी बायकोसमोर देत नाही.

सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकदा चाकानं पिं-पिं केलं आणि पट्ट्यांची पुढची टोकं वर उचलली गेली. बोटं वर, टाचा खाली. पहिल्यांदा होतं तेव्हा यंत्र बिघडलं असंच वाटतं. ते बिघडलेलं नसतं, हात जोडत असतं. फिरणारी कुठलीही मोटर स्वतःच विजेचा उलटा दाब (व्होल्टेज) तयार करते, आम्ही त्याला बॅक ईएमएफ म्हणतो. वेग वाढेल तसा तो वाढतो आणि बॅटरीच्या दाबाच्या जवळ जातो. दोन्हींमधली जी तफावत, तेवढीच मोटरच्या हातात ताकद. मागाच्या मोटरची ताकद संपली तर माग थांबतो, कापडात पट्टा पडतो, जॉबर शिव्या देतो. इथं ती ताकदच तुम्हाला उभं ठेवत असते. तुम्ही आणखी पुढं झुकलात, मोटरला चाक तुमच्या खाली आणायला जोर उरला नाही, तर काठीचं बूड मागं राहिलं आणि शेंडा पुढं गेला. म्हणून ते आधी शिट्टी देतं, आणि तरी ऐकलं नाही तर पट्ट्या मागं कलवून तुम्हाला मागं रेलायला लावतं. त्या वेळी पुढं जोर लावून चाकाशी भांडायचं नाही. गुडघे मोडायचे, अंग मागं न्यायचं, वेग उतरू द्यायचा.

हीच ताकद बॅटरी उतरल्यावरही कमी होते, कारण दाबच कमी झालेला असतो. भरलेल्या बॅटरीवर जो वेग निर्धास्त वाटला तो पाव बॅटरीवर निर्धास्त नसतो. हे मीटरवर दिसतं, अंगाला मात्र जाणवत नाही. उतारावर ब्रेक लावला की करंट उलटा बॅटरीत जातो, त्यामुळे काठोकाठ चार्ज करून लगेच मोठा उतार उतरायचा नसतो. पण सोलापुरात तेवढा उतार शोधावा लागेल. आपल्याकडं खरी काळजी उन्हाची. एप्रिलमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो, तेव्हा फिरवून आणलेलं चाक तासभर सावलीत गार होऊ दिल्याशिवाय मी चार्जरची पिन लावत नाही. लिथियमची बॅटरी गरम असताना चार्ज करणं तिच्या आयुष्याला बरं नाही. दुपारी तर मी चालवतच नाही. दुपारी सोलापुरात कुणीच काही चालवू नये.

ॲपमध्ये वेगाची मर्यादा घालता येते. माझी २० वर आहे आणि ती वाढवायला मला कारण सापडलेलं नाही. त्या वेगात पडायची वेळ आली तर धावत उतरता येण्याची आशा तरी असते. त्याच्या पुढं पाय तेवढे भरभर पडत नाहीत. दमलेल्या पायांवर वेग वाढवला की चाक डावं-उजवं थडथडायला लागतं, हेही एकदा अनुभवलंय. तिथं एकदम ब्रेक लावण्यापेक्षा एका पायावर थोडा जास्त भार टाकून हलकं वळण घेतलं आणि मग वेग उतरवला, तर ते शांत होतं.

रस्त्याचं विचाराल तर, सात रस्त्याच्या सिग्नलला मी हे घेऊन उभा राहत नाही. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आतला वेग असलेल्या बॅटरीच्या दुचाकींना लायसन-पासिंगची सूट आहे, ते दुकानदार सांगतात ते खरं. पण माझी मोटर ८०० वॅटची, आणि या चाकाला पासिंग करून द्यायची सोयच नाही. त्यामुळे कारखान्याचं आवार, ओळखीचे मोकळे प्लॉट आणि सुट्टीच्या दिवशीचा ओस पडलेला आतला रस्ता, एवढंच माझं राज्य. कामावर जायला यायला मोटरसायकल आहेच.

मध्यंतरी पंक्चर झालं. पंक्चरवाल्यानं चाक हातात घेऊन सगळीकडून फिरवलं आणि विचारलं, "ह्याचं चाक निघतंय कुठनं?" निघत नाही. मोटरची केबल आसातून आत बोर्डापर्यंत गेलेली असते. एका बाजूची पट्टी आणि बॉडी स्क्रू काढून उघडायची, टायर त्याच बाजूनं पान्यानं उचलायचा, ट्यूब ओढून जागच्या जागी पॅच मारायचा. अर्धा रविवार त्याच्या दुकानात गेला. स्क्रू मी काढले, ट्यूब त्यानं केली, आणि पैसे मात्र त्यानं स्कूटरच्या पंक्चरएवढेच घेतले. वर म्हणाला, परत आणा, आता कळलंय.

हवेनं किती फरक पडतो हे त्या दिवशी कळलं. टायर कडक असला की चाक चपळ वळतं पण प्रत्येक खड्याला उडतं. मऊ असला की आरामशीर चालतं पण वळायला जड, आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. मला ३८ पीएसआय लागते. भाचा पन्नास किलोचा, त्याला ३८ वर चाक बेडकासारखं उड्या मारतं, तो ३० मागतो. तो माझ्या निम्म्या वेळात शिकला, आता त्याच आवारात पिंपाभोवती उलटं, म्हणजे मागं मागं, चालवायचा प्रयत्न करतोय. हवेवरून आमची दर सुट्टीला बाचाबाची व्हायची. शेवटी बॉडीवर, व्हॉल्व्हच्या अगदी वर, मार्करनं दोन आकडे लिहून ठेवलेत, एक त्याचा, एक माझा. ज्याची पाळी त्यानं पंप मारायचा.